न चंदी, न खरारा: माइनक्राफ्टमधलं घोडं

आमचे अण्णा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सईस होते, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. जुन्या मराठीत मोतद्दार. घोडा जिंकला की फोटोत मधोमध मालक, वर जॉकी, आणि कडेला लगाम धरलेला, निम्मा कापला गेलेला सईस. आमच्याकडे असे दोन फोटो आहेत. दोन्हींत मिळून अण्णांचा उजवा खांदा, एक कान आणि अर्धी टोपी दिसते. पहाटे साडेतीनला ते सात रस्त्याच्या चाळीतून निघायचे, दुपारी अंगाला घोड्याचा वास घेऊन जेवायला यायचे. उन्हाळ्यात मुंबईचा हंगाम संपला की पावसात घोडे पुण्याला, आणि घोड्यांच्या मागोमाग अण्णाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'नोकरी' असं आई लिहायची. कुणाची, ते मास्तरांनी कधी विचारलं नाही.

हे आधीच सांगून टाकते. कारण ज्या घोड्याबद्दल लिहिणार आहे तो माइनक्राफ्ट नावाच्या संगणकावरच्या खेळातला, ठोकळ्यांचा आहे, त्याचं डोकं खोक्यासारखं आहे, आणि त्याच्याकडे मी गेली पाचेक वर्षं अण्णांच्या डोळ्यांनी बघते आहे. त्या बिचाऱ्यावर थोडा अन्याय होणारच.

सुरुवात एप्रिल २०२० मध्ये. टाळेबंदी होती. टपाल खातं चालू असल्यामुळे मी एक दिवसाआड कामावर जायचे आणि उरलेला दिवस चारकोपच्या खोलीत भिंतीकडे बघत बसायचे. डोंबिवलीचा भाचा तेव्हा तेरा वर्षांचा. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मावशी, तुला घोडे आवडतात ना? ह्यात आहेत." ह्यात म्हणजे कशात, ते कळायला मला आठवडा लागला. पहिला आठवडा मी खड्ड्यात पडत होते आणि रात्री हिरवी भुतं मला मारत होती. तो भाग सोडून देते, सगळ्यांचं तेच होतं.

माइनक्राफ्ट हा खेळ स्वीडनचा. पूर्ण आवृत्ती २०११ ची, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. घोडे त्यात पहिल्यापासून नव्हते, ते १ जुलै २०१३ ला १.६ या आवृत्तीत आले. गंमत म्हणजे खोगीर त्याच्या आधीपासून होतं, पण ते डुकराच्या पाठीवर घालायचं. अण्णांना हे सांगायला हवं होतं. ते २००९ मध्ये गेले.

घोडे गवताळ सपाट रानात आणि सुक्या माळावर कळपाने चरताना सापडतात, दोन ते सहा. मान खाली घालून गवत खातात, पण गवत संपत नाही. मेंढीने खाल्लं तर खाली माती उघडी पडते, घोड्याने खाल्लं तर तसूभरही कमी होत नाही. म्हणजे नुसतं तोंड लावतात. हे माझ्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं आणि तेव्हाच मनात पाल चुकचुकली, की ह्या जनावराच्या पोटाकडे बघायची ह्या लोकांची इच्छा दिसत नाही.

पण माणसाळवणं! तिथे मात्र मी टोपी काढते, अण्णांची अर्धी.

रिकाम्या हाताने घोड्यावर क्लिक केलं की आपण त्याच्या पाठीवर बसतो. तो इकडेतिकडे धावतो, उधळतो आणि पाडतो. परत बसायचं, परत पडायचं. आत काय चाललंय ते भाच्याने मला नंतर वहीत लिहून दिलं. प्रत्येक रानटी घोड्याच्या मनात आपल्याबद्दलचा एक आकडा असतो, सुरुवातीला शून्य. आपण बसलो की खेळ ० ते ९९ मधली एक चिठ्ठी काढतो. चिठ्ठी त्या आकड्यापेक्षा लहान निघाली तर घोडा आपला. नाही तर तो आपल्याला पाडतो, पण पाडता पाडता आकडा ५ ने वाढतो. म्हणजे काही न भरवता पहिल्यांदा बसलात तर पडणार म्हणजे पडणारच, कारण शून्यापेक्षा लहान चिठ्ठीच नाही. आणि प्रत्येक पडण्याने तुम्ही त्याच्या थोडे जवळ जाता. कुणी केलं असेल हे? ज्याने केलं तो कधीतरी घोड्यावरून पडलेला असणार.

भरवलं तर काम लवकर होतं. साखर, गहू, सफरचंद, प्रत्येकी ३ ने. सोन्याचं गाजर ५ ने, सोन्याचं सफरचंद १० ने. गवताच्या गठ्ठ्याने जखमा भरतात, पण रानटी घोडा माणसाळवायला तो कामाचा नाही. भाचा पहिल्या दिवशी साखरेवर साखर चारत होता. मी त्याला म्हटलं, थांब, आधी दोनदा पडून घे. अण्णा नवीन घोडा आला की पहिले दोन दिवस त्याच्या खोलीत नुसते पाठमोरे उभे राहायचे. हात लावायचे नाहीत, बोलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी घोडा मागून येऊन त्यांचा खिसा हुंगायचा. खिशात गूळ असायचा, पण तो तिसऱ्या दिवशीच. खेळात पाठमोरं उभं राहून काही होत नाही, मी करून पाहिलं. पण पडून होतं, हेही काही कमी नाही. शेवटी डोक्यावर लाल बदाम उडतात. माझा पहिला घोडा आठव्या बैठकीला वळला तेव्हा मी एकटीच खोलीत "अगं बाई" असं मोठ्याने म्हणाले होते.

बदाम उडाले तरी खोगीर नसेल तर तो आपल्याला पाठीवर घेऊन मनाला येईल तिकडे जातो. पूर्वी हे खोगीर बनवता येत नव्हतं. कुठल्यातरी पडक्या तळघरातल्या पेटीत मिळायचं, नाही तर गळ टाकून मासे धरता धरता कधीतरी लागायचं, नाही तर चामड्याचं काम करणाऱ्या गावकऱ्याशी इतका व्यापार करायचा की तो उस्ताद होऊन शेवटी ते विकायला काढील. जून २०२५ च्या १.२१.६ आवृत्तीपासून तीन चामडी आणि लोखंडाची एक वीट यांत खोगीर तयार होतं. नव्या मुलांची सोय झाली. मी मात्र पहिल्या खोगिरासाठी अकरा दिवस गळ टाकून बसले होते, त्यामुळे मला ही सोय थोडी टोचते.

आता रंग. घोड्याचे सात रंग आणि त्यांवर पाच तऱ्हेच्या खुणा, मिळून पस्तीस रूपं. आमच्या घरात रंगांना शब्द होते. काळा म्हणायचा नाही, मुश्की म्हणायचं. ठिपक्यांचा, पट्ट्यांचा तो अबलख. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरं असेल तर पंचकल्याणी, आणि तो शुभ. ह्या खेळात पांढरे मोजे आणि तोंडावर पांढरा पट्टा अशी खूण आहे, म्हणजे पंचकल्याणीच की! स्वीडनमध्ये बसून त्यांनी पंचकल्याणी काढला आणि त्यांना ते माहीतही नाही. भाचा सगळ्यांना 'ब्राउनवाला', 'व्हाइटवाला' म्हणायचा. आता तो मुश्की म्हणतो. डोंबिवलीतल्या त्याच्या मित्रांना तो शब्द कुठल्यातरी नव्या गेममधला वाटतो.

घोडा की घोडी, हा प्रश्न मात्र खेळाने मोडीतच काढला आहे. ह्यांना नर-मादी नाही. कुठलेही दोन माणसाळलेले घोडे घ्या, दोघांना सोन्याचं गाजर भरवा, लागलीच शिंगरू हजर. खऱ्या घोडीला अकरा महिने लागतात आणि शेवटचे आठ दिवस सईस झोपत नाही. तक्रार करणार होते, पण मराठीने वाचवलं. आपल्याकडे 'घोडं' आहे. कुठल्या भाषेला जमलं नसेल इतकं नेमकं ह्या जनावराचं नाव आपल्याकडे तयारच होतं. इथून पुढे घोडंच म्हणते.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हा खेळ सोडला नाही.

प्रत्येक घोड्याचे तीन गुण जन्मापासून ठरलेले असतात: जीव, वेग आणि उडी. जीव कळतो, कारण वर बसलं की बदाम दिसतात, साडेसात ते पंधरा. वेग आणि उडी खेळ कुठेही सांगत नाही. आकडा नाही, पट्टी नाही, तारे नाहीत. सगळ्यात मंद घोडं सेकंदाला सुमारे ४.९ ठोकळे चालतं आणि सगळ्यात चपळ १४.६. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. आपण स्वतः पळत सुटलो तर ५.६ ठोकळे पळतो, म्हणजे अशीही घोडी आहेत ज्यांच्यापेक्षा मावशी पायी आधी पोचेल. उडीचंही तसंच. कुणी जेमतेम एक ठोकळा ओलांडतं, कुणी पाच. कळपात सगळी एकसारखी दिसतात. कुठलं रत्न आणि कुठलं खेचरापेक्षा बरं, हे बसल्याशिवाय, पळवल्याशिवाय कळायची सोय नाही.

अण्णांचं सगळं आयुष्य ह्याच प्रश्नात गेलं. पहाटेच्या सरावाला कुंपणाशी उभे राहून ते पळताना घोडा बघायचे आणि घड्याळ न बघता सांगायचे, "आज अर्धा सेकंद कमी आहे, डाव्या पुढच्याला काहीतरी झालंय." संध्याकाळी तो पाय गरम निघायचा. मला त्यांनी कधी शिकवलं नाही, मुलींनी तबेल्यात यायचं नाही असा तेव्हाचा कारभार. मी शिकले ती इथे, साठीला टेकल्यावर, भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या माउसवर.

पद्धत अशी. शंभर ठोकळ्यांची सरळ वाट केली, दोन्ही टोकांना लाल लोकरीचा पट्टा. मागून पळत यायचं, पहिला पट्टा ओलांडताना मोबाइलवरचं घड्याळ दाबायचं, दुसऱ्यावर थांबवायचं. प्रत्येक घोड्याच्या तीन फेऱ्या, मधली वेळ धरायची. साधारण घोडं दहा सेकंदांच्या आगेमागे येतं. साडेआठच्या आत आलं की मी ते ठेवते. सातच्या आत येणं जवळजवळ अशक्य, कारण सगळ्यात वरच्या वेगानेही ६.९ लागतात. उडीसाठी शेजारी दगडाच्या भिंती आहेत, दोन, तीन, चार आणि पाच उंचीच्या. स्पेसबार दाबून धरला की खाली एक पट्टी भरत जाते, ती पूर्ण भरली की सोडायचं. आधी सोडलं तर घोडं भिंतीवर नाक आपटतं. त्याचं नाक आपटलं की मी "माफ कर" म्हणते.

पोस्टातली जुनी पावती-वही होती, तिच्या पाठकोऱ्या पानांवर नोंदी आहेत. दोनशे तेरा घोडी. रंग, खूण, बदाम, वेळ, भिंत. आणि ह्यातून काय झालं सांगते: साधारण ऐंशीव्या घोड्यानंतर मला घड्याळाच्या आधी कळायला लागलं. कडेचं कुंपण कसं मागे सरकतंय, लाकडी फळ्यांवरून जाताना टापांचा आवाज किती दाट येतोय. (फळ्यांवर टापांचा आवाज वेगळा आहे, गवतावर वेगळा. ज्याने तो केला त्याला माझा नमस्कार.) मी म्हणते आठ पूर्णांक सहा आणि घड्याळ दाखवतं आठ पूर्णांक सात. पहिल्यांदा असं झालं त्या रात्री मी चहा करून गॅलरीत जाऊन बसले. कुणाला सांगणार?

पैदाशीबद्दल थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण इथे खेळाने एक चूक केली होती आणि पुढे ती सुधारली. मी सुरुवात केली तेव्हा शिंगराचा गुण ठरायचा तो असा: दोन पालकांचे आकडे, अधिक एक तिसरा कुठलातरी आकडा, तिघांची सरासरी. हा तिसरा म्हणजे रस्त्यावरचा कुणीही. तुम्ही ८.४ आणि ८.७ सेकंदांची दोन उत्तम घोडी जमवा, तिसरा अदृश्य बाप कुठल्यातरी माळावरचा दहा सेकंदवाला यायचा आणि शिंगरू नऊच्या पुढे ओढून न्यायचा. चांगलं जितकं चांगलं होत जाई तितकं ते खाली ओढलं जाई. माझ्या वहीत २०२१ ची सोळा पानं ह्या दुःखाची आहेत. मला वाटायचं मी चुकतेय, घड्याळ नीट दाबत नाही.

मार्च २०२३ मध्ये १.१९.४ आली आणि त्या तिसऱ्याला हाकललं. आता शिंगरू आईबापांच्या सरासरीभोवती कमीजास्त होतं, बहुतेकदा जवळच, कधी दोघांच्याही पुढे. वरची मर्यादा तीच, ती कुणाला ओलांडता येत नाही. त्यानंतर मला पिढ्या दिसायला लागल्या. ८.४, मग ८.१, मधेच एक ८.९ चं आळशी, मग ७.८. प्रत्येक जोडीला ५ मिनिटं विसावा लागतो आणि शिंगरू मोठं व्हायला २० मिनिटं. गवताचा गठ्ठा चारला की त्यातली ३ मिनिटं कमी होतात. मी चारत नाही. वीस मिनिटं ते मोठ्या घोड्याच्या मागे मागे लुडबुडत असतं, तेवढ्यात माझी भाजी निवडून होते. गाजरांचा खर्चही फार नाही. एका गाजराला सोन्याचे आठ कण लागतात, वीट नऊ कणांची. सोन्याच्या सफरचंदाला मात्र आख्ख्या आठ विटा, ते घोड्याला घालणारा माणूस लग्नात फटाके उडवणाऱ्यांपैकी समजावा.

मग घोडं पेंड कुठे खातं? तर ते खातच नाही, हीच तक्रार.

शाळेत आपण सगळे ऐकत आलो, भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला? न फिरवल्याने. इथे सहा महिने फिरवू नका, घोडं अडत नाही. त्याला भूक नाही, तहान नाही. दाण्याची चंदी नको, अंग घासायचा खरारा नको, नाल नको. लीद नाही! आमच्या घरातलं निम्मं संभाषण लिदीबद्दल असायचं, ती घट्ट आहे की सैल, त्यावर अण्णांना रात्री जेवण जायचं की नाही ते ठरायचं. पोटशुळाने घोडा लोळायला लागला म्हणून रात्री दोनला चाळीखाली कुणीतरी हाका मारत यायचं आणि अण्णा धोतर सावरत धावायचे. ह्या घोड्याचं वय वाढत नाही, तो म्हातारा होऊन मरत नाही. लढाईत मरतो, उंचावरून पडून मरतो, एरवी २०२० चा घोडा आजही तसाच उभा आहे. माणसाळवण्याच्या दहा मिनिटांत त्याच्याबद्दल जेवढी काळजी वाटते तेवढी पुढे पाच वर्षांत वाटावी असं खेळाने काही ठेवलेलं नाही. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मावशी, लीद साफ करायचा गेम कोण विकत घेणार?" खरंय. मी घेतला असता.

बारीकसारीक दोष आणखी आहेत. आम्ही सुरुवात केली त्या आवृत्तीत खोल पाण्यात शिरलं की घोडं स्वाराला खाली उतरवायचं. होडीत मावायचं नाही. त्यामुळे नदी आली की दोरी लावून ओढत न्यायचं किंवा पूल बांधायचा. माझे एकूण सात पूल आहेत, महापालिकेपेक्षा लवकर झालेले. दाट झाडीत पानांमध्ये अडकतं. आणि उतरल्यावर कुंपणाला दोरीने बांधायला विसरलात तर सकाळी शोधत फिरा. हा शेवटचा मी दोष मानत नाही, तो आपला निष्काळजीपणा.

गडगडाटी पावसात मोकळ्या माळावर एकटा सांगाड्याचा घोडा दिसला तर जवळ जाऊ नका. ते आमिष आहे. वीज पडते आणि एकाचे चार स्वार होतात, चौघांच्या हातात धनुष्य. मला हे भाच्याने सांगितलं नव्हतं. तो हसायला थांबला होता.

आम्ही पाच जण एकत्र खेळतो: मी, भाचा, पुण्याची पुतणी, तिची दोन मुलं. त्यासाठी महिन्याच्या भाड्याने सर्व्हर घेतला होता. कुणाचा ते लिहीत नाही. एका रात्री तो बंद पडला आणि चालू झाला तेव्हा जग दोन दिवस मागे गेलं होतं. त्या दोन दिवसांत माझं ७.४ चं शिंगरू जन्मलं होतं, मुश्की, पंचकल्याणी. पाच वर्षांतलं सगळ्यात चांगलं. ते मेलं असतं तर रडता आलं असतं. ते जन्मलंच नव्हतं. त्याचे आईबाप कुंपणात शांत उभे, पेटीत गाजरं जशीच्या तशी परत. वहीत मात्र त्याची नोंद आहे, क्रमांक १८७. तक्रार केली तर उत्तर आलं की गैरसोयीबद्दल क्षमस्व. आता जग भाच्याच्या घरच्या संगणकावर आहे आणि दर शनिवारी तो त्याची नक्कल काढून ठेवतो. घ्यायचं असेल तर हा माझा पहिला सल्ला, घोड्याआधी नक्कल.

शर्यतीचं सांगायचं राहिलं. आम्ही १,२०० ठोकळ्यांचं लंबगोल मैदान बांधलंय, आतून पांढरं कुंपण. दोन फेऱ्या म्हणजे २,४०० मीटर, इंडियन डर्बीचं अंतर. महालक्ष्मीला फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी जी पळतात ती खरी घोडी हे अंतर अडीच मिनिटांच्या आसपास कापतात. माझ्या सध्याच्या सर्वांत चपळ घोड्याला ३ मिनिटं ४ सेकंद लागली. मी कागदावर मांडून पाहिलं, खेळातल्या सगळ्यात वरच्या वेगाच्या घोड्यालाही जवळजवळ पावणेतीन मिनिटं लागतात. म्हणजे ह्या साऱ्या जगात असं एकही घोडं जन्माला येणार नाही जे महालक्ष्मीला शेवटून दुसरं तरी येईल. मला का कोण जाणे ह्याचं बरं वाटलं. चामड्याचं चिलखत रंगवता येतं, म्हणून प्रत्येकाचे रंग वेगळे. माझं पिवळं. दमणूक नाही, दम राखून शेवटी सोडणं नाही, त्यामुळे डावपेच फारसे नाहीत. जो वळणावर कुंपणाला चिकटून राहतो तो जिंकतो. शर्यत म्हणून सामान्य, कुटुंबाचा रविवार म्हणून उत्तम.

पुतणीच्या मुलांचं घोड्यांवरून मन उडालंय. त्यांना ते नवीन उडतं, हसरं भूत हवं असतं. वाळलेलं गाठोडं पाण्यात ठेवायचं, त्यातून पिल्लू निघतं, त्याला बर्फाचे गोळे चारून मोठं करायचं, मग पाठीवर चौघं बसतात. संथ आहे आणि डोळे मिटून हसतं. मला त्यात काही राम वाटला नाही, पण एक उपयोग सापडला. त्याच्या पाठीवर कुणी उभं असलं की ते जागचं हलत नाही. म्हणून शर्यतीच्या वेळी ते मैदानावर तरंगत ठेवतो आणि मुलं वरून ओरडतात. आमचं ग्रँडस्टँड.

घ्यायचं असेल त्यांच्यासाठी: संगणकावर घेतलंत तर जावा आणि बेडरॉक अशा दोन्ही आवृत्त्या एकत्र मिळतात. मोबाइलवर फक्त बेडरॉक, आणि त्या दोघांत एकत्र खेळता येत नाही, म्हणून आधी घरात कोण कशावर खेळतं ते विचारा. पैदाशीचं जे वर लिहिलंय ते जावाचं. जुना लॅपटॉप चालतो. टचपॅडवर घोडं पळवू नका, मनगट जाईल. मुलांसाठी घेणार असाल तर दोन मुलांना दोन घोडी द्या, एकावर भांडतात. मोठ्यांसाठी घेणार असाल तर वहीसुद्धा घ्या. माणसाळवण्याला दहापैकी नऊ, परीक्षेला दहापैकी दहा, पोसण्याला एक, आणि तो एकही टापांच्या आवाजासाठी.

मागच्या महिन्यात भाच्याशी भांडण झालं. त्याने कुठलीशी जोडणी बसवली, घोड्याकडे बघितलं की वेग आणि उडी आकड्यांत लिहून येते. म्हणाला, "मावशी, तुझा वेळ वाचेल." मी म्हटलं, वेळ वाचवून मी काय करू, पोस्टातून निवृत्त झालेय. तो म्हणाला अगं पण अचूक असतं. मी म्हटलं, माझंही असतं. दोन दिवस बोललो नाही. मग त्याने ती जोडणी आपल्यापुरती ठेवली आणि मला आकडा सांगायचा नाही असं ठरलं.

अजूनही मी रात्री बंद करण्याआधी पागेत एक चक्कर मारते. हातात गहू घेऊन प्रत्येकासमोर उभी राहते. ज्याचे बदाम पुरे आहेत ते घोडं गहू घेतच नाही, कितीही क्लिक करा. अठरा घोडी, एकही घेत नाही. गहू परत पेटीत ठेवते.

परवा नवीन शिंगरू झालं. कुमैत, म्हणजे तपकिरी-तांबडं, कपाळावर काही नाही, पाय साधे, कुणी वळूनही बघणार नाही असं. मोठं झाल्यावर मी एकदाच फळ्यांवरून नेलं. घड्याळ लावलं नाही. भाचा ऑनलाइन होता, त्याने बघितलं असणार, कारण बराच वेळ त्याच्याकडून काही आलं नाही आणि मग नुसतं आलं, "मावशी?"

सांगू नकोस, म्हटलं. रविवारी सात वाजता ये. घोडामैदान जवळच आहे.